चार वर्षांच्या लेकीला घेऊन मालवण: भरती-ओहोटी बघून आखलेली पाच दिवसांची ट्रिप

आधी कालनिर्णय भिंतीवरून काढा, मग रेल्वेचं बुकिंग करा. लहान मूल घेऊन मालवणला जायचं असेल तर माझा पहिला सल्ला हाच, कारण तिथे दिवस ठरवतो समुद्र आणि आपलं मूल, आपल्या मोबाइलमधली 'बघण्याची ठिकाणं' नाहीत.

हे मला पहिल्या खेपेला कळलं नव्हतं. लेक तेव्हा अडीच वर्षांची, मे महिना, आणि आम्ही तीन दिवसांत सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग, कुणकेश्वर, सगळं कोंबलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी तापलेल्या वाळूवर उभी राहून जी रडायला लागली ती रात्री झोपेपर्यंत. मग ती चार वर्षांची झाल्यावर डिसेंबरात परत गेलो, पाच दिवस, रोज एकच गोष्ट, आणि ती ट्रिप तिला अजून आठवते. म्हणून जे केलं ते क्रमाने लिहितेय.

पायरी पहिली: तारखा आणि तिथी

महिना निवडायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी गारवा असतो, समुद्र शांत असतो. मार्च-एप्रिलमध्ये आंबे-काजू येतात पण अकरानंतर मुलाला बाहेर काढवत नाही. आणि एक लक्षात ठेवा, पावसाळ्यात साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट किल्ल्याची होडी वाहतूक आणि पाण्यातले खेळ बंद असतात, तेव्हा जून-जुलैत गेलात तर किल्ला किनाऱ्यावरूनच बघायचा.

आता तिथी. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटे आणि दुपारी दोन्ही, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे नऊच्या पुढे, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्या दोन्हीला पंधरा धरायचे, सव्वाअकराला भरती, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी. रोज भरती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते म्हणून ही पाऊणकी जमते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतंच, त्यामुळे तिथे पोचल्यावर किनाऱ्यावर जाळं सुकवत बसलेल्या कुणालाही विचारून खात्री करा.

मुलाशी याचा काय संबंध? मूल खेळतं ते ओल्या, सपाट, पाणी मागे गेलेल्या वाळूवर. किल्ले बांधायला ती वाळू लागते, खडकातल्या डबक्यांतले छोटे मासे तेव्हाच दिसतात, लाटाही लहान असतात. तृतीया ते पंचमीच्या दिवसांत ओहोटी सकाळी साधारण साडेआठ ते दहा या वेळेत येते, ऊन अजून कोवळं असतं आणि पोरं नाश्ता करून फ्रेश असतात. आम्ही दुसरी ट्रिप मुद्दाम तिथे बसवली. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त आत येतं आणि जोरात येतं, ते दिवस पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टाळावेत असं मला वाटतं.

पायरी दुसरी: जायचं कसं

मुंबई-ठाण्याहून रेल्वेच. रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि कार सीटमध्ये अकरा-बारा तास चार वर्षांचं मूल बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. उतरायचं कुडाळला, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. रिझर्वेशन ६० दिवस आधी सुटतं, त्या दिवशी सकाळी आठलाच बसा. ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही पण मग बर्थही मिळत नाही, वेगळी बर्थ हवी तर पूर्ण भाडं. रात्रीच्या गाडीसाठी मी ते भाडं भरते, कारण एका बर्थवर दोघांची झोप म्हणजे दुसऱ्या दिवसाची वाट लागलीच.

जाताना रात्रीची कोकणकन्या बरी, मूल झोपेत पोचतं. येताना मात्र दिवसाची गाडी घ्या. बोगदे! आम्ही लेकीला वही दिली आणि प्रत्येक बोगद्याला एक रेघ मारायला सांगितलं. रत्नागिरीच्या पुढे करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटर लांब, तो संपेचना तेव्हा ती माझ्या मांडीवर येऊन बसली आणि उजेड दिसल्यावर जी ओरडली की समोरच्या आजोबांनीही टाळ्या वाजवल्या.

पुण्याकडून येणाऱ्यांना घाट चुकत नाही. फोंडा घाटाने उतरलं तर कणकवलीला लागतो. घाटाच्या आधी तासभर मुलाला दूध देऊ नका, कोरडी पोळी किंवा चुरमुरे चालतात, आणि उलटीचं औषध द्यायचं तर ते आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून, निघण्याआधीच.

पायरी तिसरी: राहायचं कुठे, आणि फोनवर काय विचारायचं

सगळे तारकर्ली-देवबागला राहतात. किनारा सुंदर आहेच, पण पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी मालवण गावात, नाहीतर चिवल्याच्या बाजूला राहीन. रात्री ताप आला तर मेडिकल, डॉक्टर, ग्रामीण रुग्णालय सगळं हाताशी, दूध-केळी बाजारात मिळतात, किल्ल्याची जेटी जवळ. चिवल्याचा किनाराही तारकर्लीपेक्षा शांत, डिसेंबरात तिथे समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा भरतात.

घरगुती निवासाला फोन कराल तेव्हा एसी आहे का यापेक्षा हे विचारा. विहीर कुठे आहे आणि तिला कठडा केवढा? कोकणातल्या बहुतेक घरांना परसात विहीर असते आणि काहींचा कठडा मुलाच्या छातीएवढाच असतो, त्यात रहाट, दोरी, बादली, म्हणजे मूल तिथेच ओढलं जाणार. पहिल्या खेपेला आम्ही राहिलो त्या घरी विहिरीवर नुसती दोन फळ्या टाकलेल्या होत्या आणि हे आम्हाला पोचल्यावर कळलं, तीन दिवस मी किंवा नवरा, एकजण सतत अंगणात पहाऱ्यावर. आता मी विहिरीवर जाळी आहे का ते विचारते आणि फोटो मागवते. कुणी रागवत नाही, उलट बरं वाटतं त्यांना.

दुसरं, माडांचे नारळ पाडून झालेत का. झोपाळा नेहमी दोन माडांच्या मधेच बांधलेला असतो. वर पिकलेले नारळ दिसले तर खाली मूल बसवू नका, झोपाळा दुसरीकडे बांधून मागा.

तिसरं, जेवणाची वेळ. बऱ्याच ठिकाणी दुपारचं ताट दीड-दोनला आणि रात्रीचं नऊला. मुलाला बारा आणि सात लागतं. आधीच सांगून ठेवलं की सोय होते. आम्ही राहिलो त्या घरच्या काकी पहिल्याच दिवशी सुनेला म्हणाल्या, "चेडवाक आदी पेज घाल गे, मगे बाकीचा." म्हणजे पोरीला आधी पेज वाढ, बाकीचं मग. तो प्रश्न तिथेच मिटला.

चौथं, मच्छरदाणी आणि गरम पाणी. एवढं पुरे.

पायरी चौथी: बॅग

कपडे आपण जास्तच भरतो, त्याबद्दल लिहीत नाही. या गोष्टी मात्र तिथे पटकन मिळत नाहीत म्हणून घरून न्या. मुलाच्या वजनाचं लाइफ जॅकेट, दोन पायांमधून पट्टा येणारं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस आणि मागून मान झाकणारी टोपी. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल, कारण स्लीपर लाटेबरोबर जाते आणि अनवाणी पायात शिंपले घुसतात. ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, तापाचं नेहमीचं औषध. व्हिनेगरची छोटी बाटली, कशासाठी ते पुढे येईल. टॉर्च. आणि पाठीवर बांधायची मुलाची झोळी किंवा कॅरिअर. घडीचा प्राम घरी ठेवा, वाळूत चाक फिरत नाही आणि किल्ल्याच्या दगडी पायऱ्यांवर तर तो तुम्हालाच उचलावा लागेल.

पायरी पाचवी: पाणी

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे आणि तुम्हीही हे नीट वाचा.

पाण्यात मूल असताना एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नाही. दोघांनी पाळी लावून घ्या, 'आता तू' असं मोठ्याने बोलून, कारण दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय. दंडात घालायचे फुगे आणि रबरी रिंग ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडायचं नाही. गुडघ्याएवढं पाणी म्हणजे मुलाच्या गुडघ्याएवढं, आपल्या नाही.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, दिसायला अप्रतिम, पण तिथे पाण्याला ओढ असते आणि खालची वाळू सरकते, तिथे मुलाला पाण्यात उतरवूच नका, बाहेरून बघा. भरती चढत असताना खडकांवर बसू नका, मागची वाट कधी पाण्याखाली जाते कळत नाही.

होडीत बसायच्या आधी जॅकेट. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घालून पट्टे आवळले की झालं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ही तपासणी करा: जॅकेट घातल्यावर खांद्याच्या दोन्ही बाजूंना धरून वर उचला, ते हनुवटीच्या वर, कानापर्यंत सरकलं तर पाण्यात मूल खालून निसटणार. पहिल्या ट्रिपला पाण्यातल्या एका सफरीच्या बोटीत लेकीचं जॅकेट असंच डोक्यावरून निघून आलं, लहान मापाचं नाही म्हणाले, आम्ही उतरलो, आणि पैसेही बुडाले. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेलाय, आणि ती दोघंही मोठी माणसं होती. बोट भरलेली वाटली तर पुढचीची वाट बघा. स्कूबा, बनाना राइड हे चार वर्षांच्या मुलाचं काम नाही, आईबाबांना करायचंच असेल तर एकाने किनाऱ्यावर थांबायचं.

जेलीफिश वाळूवर पडलेली दिसली तर काठीनेही हात लावू देऊ नका, मेलेलीही डसते. लागलीच तर चोळायचं नाही, गोड्या पाण्याने धुवायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवून व्हिनेगर ओतायचं, आणि श्वासाला त्रास, उलटी किंवा सूज दिसली तर थेट दवाखाना. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट मासा (शेपटीला विषारी काटा असतो) दडलेला असू शकतो, म्हणून पाय उचलून नाही तर घासत चालायला शिकवा. आमच्याकडे त्याचं नाव 'बदक चाल' पडलं आणि ती घरीही तशीच चालत होती आठवडाभर.

जमिनीवर फुरसं. छोटा साप, पण विषारी, आणि चिऱ्यांच्या गडग्यात, पालापाचोळ्यात असतो. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय अंगणात नाही, बाहेर ठेवलेल्या सँडल झटकूनच पायात. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, तो हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन आणि रुग्णालय.

पायरी सहावी: दिवस कसा आखायचा

सकाळी नऊच्या आत बाहेर, साडेअकराला परत, आंघोळ, जेवण, दोन तास झोप, साडेचारनंतर पुन्हा बाहेर. दुपारची झोप कुठल्याही ठिकाणासाठी मोडू नका. रोज एकच मोठी गोष्ट.

पहिला दिवस काहीच नाही. प्रवास झालाय, मुलाला फक्त वाळू द्या.

दुसरा दिवस चिवल्याला रापण. सकाळी किनाऱ्यावर गेलात आणि नशीब असलं तर दिसेल. होडीने अर्धगोल करून जाळं टाकलेलं असतं आणि किनाऱ्यावर दोन बाजूंना दोन दोरांवर माणसं उभी राहून ते हळूहळू ओढतात, मागे मागे सरकत, टाचा वाळूत रुतवत. बराच वेळ नुसता दोर येतो, ओला, जाड, शेवाळ लागलेला. माझ्या लेकीने दोराचं शेवटचं टोक धरलं तर एक काका म्हणाले, "खेच गो चेडवा, खेच!" मग ती सोडेचना. शेवटी जाळ्याचा मधला भाग आला तेव्हा सगळीकडे चांदी उसळली, तारले, पेडवे, मधेच दोन-चार बांगडे, एक चिमुकली कुर्ली जाळ्याच्या भोकात नांगी अडकवून बसलेली. मासे वाटण्याची गडबड सुरू झाली की बाजूला व्हा, तो त्यांच्या पोटापाण्याचा वेळ असतो, फोटो काढायचा तर विचारून.

तिसरा दिवस किल्ला. सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एक पकडा, दहा-पंधरा मिनिटांत पोचता. निघण्याआधी मुलाला शू करवून घ्या. जेटीसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, पायाच्या दगडांत शिसं ओतलंय. बेट ४८ एकर, तट जवळपास तीन किलोमीटर, तेव्हा पूर्ण फेरी मारायचा हट्ट नको, मूल अर्ध्यात थकतं. शिवाय तटावर आतल्या बाजूला कठडा नाही, हात सोडायचा नाही.

मुलासाठी तीन गोष्टी पुरतात. दरवाजा, जो होडीतून अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, त्याला 'शोध बरं दार कुठाय' म्हणा. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा. आणि विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. माझ्या लेकीने दूधबावीत डोकावून 'दूध संपलं का?' विचारलं, तेव्हा तिला सांगितलं की चारी बाजूंना खारट समुद्र आणि मधे ही गोड पाण्याची विहीर, म्हणून नाव दूध. घरी बाटलीत पाणी आणि मीठ घालून परत तेच समजावलं, तेव्हा पटलं. शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी बांधलेलं, तिथे दोन मिनिटं सावलीत बसा. किल्ल्यावर अजून काही घरं नांदती आहेत, त्यांच्याकडे सरबत, पाणी मिळतं. दहा-साडेदहाला परतीच्या होडीत.

चौथा दिवस समुद्राला सुट्टी. धामापूरला जा, साधारण १५ किलोमीटर, १५३० च्या सुमाराचा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, दाट झाडी. मूल तिथे झोपलं तर झोपू द्या.

पाचवा दिवस परतीचा, आणि त्यासाठी पिंगुळी राखून ठेवा, कुडाळजवळच आहे. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि बाहुल्यांची कला जपणारं छोटं संग्रहालय आहे, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ला पद्मश्री मिळाली. चामड्याच्या छायाबाहुल्या पडद्यामागच्या उजेडात हलायला लागल्या की चार वर्षांचं मूल हलत नाही. आधी फोन करून वेळ ठरवून जा.

पायरी सातवी: खाणं

मालवणी म्हणजे तिखट असं समजून लोक मुलासाठी बिस्किटांचे पुडे नेतात, काही गरज नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, घावणे, आंबोळी. शिरवाळ्या मिळाल्या तर सोडू नका, तांदळाच्या गरम शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस, माझी लेक दोन वाट्या खायची. दिवसभर शहाळं.

मासे द्यायचे तर सुरमई किंवा पापलेटचा तुकडा, मसाला न लावता, नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर, आणि तरीही बोटांनी चुरून काटा बघूनच. बांगडा, तारला मुलासाठी नको, बारीक काटे. तिसऱ्या (शिंपल्या), कोळंबी आधी कधी खाल्ली नसेल तर परगावी पहिला प्रयोग नको, अंगावर उठलं तर धावपळ होते. सोलकढीत मिरची-लसूण असतो, तो घालायच्या आधी मुलापुरती बाजूला काढून ठेवायला सांगा. खाजा (गुळात घोळवलेला कडक खाऊ) आणि अख्खे काजू लहान मुलाच्या घशात अडकू शकतात, खाजा मोठ्यांनी खावा, काजू कुटून द्यावेत.

निघताना

वाळू आंघोळीने जात नाही. आधी अंग पूर्ण कोरडं होऊ द्या, मग सुती कपड्याने झटका, मग गोडं पाणी, मग मांड्यांच्या घड्यांना खोबरेल. डायपर असेल तर समुद्रातून आल्या आल्या बदला, नाहीतर संध्याकाळपर्यंत लाल पुरळ नक्की.

शिंपले गोळा करताना आत काही जिवंत आहे का ते मुलाबरोबर बघा, हलतंय तर परत पाण्यात सोडायचं, तिला तो खेळ गोळा करण्याइतकाच आवडला.

ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीत घालायचा एक जोड सगळ्यात वर. काकींना आदल्या रात्री सांगून घावणे आणि थोडी सुकी चटणी डब्यात बांधून घ्या. आणि बोगद्यांची वही खिडकीजवळ बसणाऱ्याच्या हातात द्या, पेन्सिलीला टोक करून.